सॉवर्बी, जेम्स

सॉवर्बी, जेम्स : (२१ मार्च १७५७–२५ ऑक्टोबर १८२२). इंग्रज निसर्गचित्रकार, ताम्रपट-उत्कीर्णक व प्रकाशक. जन्म व मृत्यू लंडनच्या लॅम्बेथ भागात. रॉयल अकॅडमीत चित्रकलेचे शिक्षण घेऊन सुरुवातीस तो व्यक्तिचित्रे काढू लागला. पण विल्यम कर्टिसच्या वनस्पतिविषयक प्रकाशनांचे काम मिळाले आणि त्याचा पुढचा सगळा मार्गच बदलला. नमुना समोर ठेवून चित्र काढायचे, ते आपणच तांब्यावर कोरायचे आणि आपणच प्रसिद्ध करायचे, अशी त्याची रीत होती. त्याच्या कामाची विश्वासार्हता मुख्यतः या रीतीतून आली. रेखाटन एकाचे, कोरीवकाम दुसऱ्याचे आणि छपाई तिसऱ्याची असली की हातागणिक पाकळीचा आकार थोडाथोडा बदलत जातो. लॅम्बेथच्या त्याच्या घरात तसे होण्याला फारसा वाव नव्हता.

तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटे कोरावे लागते. कोरलेल्या रेघांत शाई भरून पत्रा पुसतात आणि दमट कागद दाबून छाप घेतात. मग प्रत्येक प्रत हाताने रंगवतात. या पद्धतीने सॉवर्बीने १७९० ते १८१४ या काळात इंग्लिश बॉटनी हा ३६ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रफलक आहेत. फुला-फळांचे सुटे भाग मुख्य चित्रालगत वेगळे दाखवल्यामुळे रानात हिंडणाऱ्या हौशी माणसालाही वनस्पती ओळखता येई. मजकूर जेम्स एडवर्ड स्मिथ याचा होता, मात्र आरंभीच्या खंडांवर त्याचे नाव नव्हते. लोक या ग्रंथाला ‘सॉवर्बीची बॉटनी’ म्हणू लागले आणि ते नाव टिकले. स्मिथवर तो अन्यायच होता.

अळंब्यांवरही त्याने ४४० चित्रफलकांचा ग्रंथ काढला. विषारी व खाण्याजोग्या अळंब्या लोकांना ओळखता याव्यात म्हणून त्याने मातीच्या सुमारे २०० रंगीत प्रतिकृती घडवल्या. कागदावरचे चित्र इथे अपुरे पडते, हे इतक्या कुशल चित्रकाराने ओळखावे, याचे मोल मोठे आहे. १८०९ मध्ये त्याने रंगांवर पुस्तक लिहिले व ते न्यूटनच्या स्मृतीस वाहिले. त्यात पिवळा, तांबडा व निळा हे त्याचे मूलरंग होते. हाताने रंगवलेल्या हजारो प्रतींत एकच छटा राखण्याची अडचण त्याच्या रोजच्या कामातली होती, हे लक्षात घेतले की त्याला या विषयाची ओढ का वाटली असावी ते कळते.

त्याच्या घरी खासगी संग्रहालय होते. यॉर्कशरमधील वोल्ड कॉटेज येथे १३ डिसेंबर १७९५ रोजी पडलेली, सुमारे २५ किग्रॅ. वजनाची उल्का त्याने मिळवून तेथे मांडली होती. आकाशातून दगड पडतात हे त्या काळी अनेक विद्वानांना मान्य नव्हते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर १८०० मध्ये सापडलेल्या चोचीच्या देवमाशाचे वर्णन त्याने १८०४ मध्ये प्रसिद्ध केले. तो देवमासा आजही सॉवर्बीच्या नावाने ओळखला जातो.

भूविज्ञानातील त्याचे काम मात्र सर्वांत दूरगामी ठरले. विल्यम स्मिथने खडकांचे थर त्यांतील जीवाश्मांवरून ओळखण्याची पद्धत मांडली. त्या पद्धतीवरील स्मिथच्या पुस्तकासाठी (१८१६–१९) सॉवर्बीने जीवाश्मांची चित्रे कोरली व ती थरांच्या रंगाशी मिळत्याजुळत्या रंगाच्या कागदांवर छापली गेली. जीवाश्म शंखशिंपल्यांवरील मिनरल काँकॉलॉजी हा त्याचा स्वतःचा ग्रंथ १८१२ पासून भागाभागांनी निघू लागला. त्यात प्रथमच नावे मिळालेल्या जाती पुष्कळ आहेत, त्यामुळे जीवाश्मतज्ज्ञांना ती पाने आजही चाळावी लागतात.

ग्रंथ पुरा होण्याआधीच सॉवर्बी वारला. थोरला मुलगा जेम्स डी कार्ल याने तो १८४६ पर्यंत चालवला; दुसरा, जॉर्ज ब्रेटिंगहॅम, हाही शंखतज्ज्ञ झाला. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील शंखाला १८४० मध्ये फायसा प्रिन्सेपी हे नाव दिले ते याच जेम्स डी कार्लने. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतही तो शंख मिळाला आहे.