दोन पाकळ्यांची झडप: निदानाचा इतिहास

हृदयातून शुद्ध रक्त शरीरभर नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. शंभरातील एक-दोन व्यक्तींमध्ये मात्र ती जन्मतःच दोन पाकळ्यांची असते. तरुणपणी बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्दो दा विंची यांनी शवविच्छेदन करून हृदयाची चित्रे काढली. त्यांत दोन पाकळ्यांच्या झडपेचेही रेखाटन आहे. पण पुढची कित्येक शतके ही झडप मृत्यूनंतरच दिसत असे. १८१६ मध्ये लाएनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. झडपेचा आवाज ऐकू येऊ लागला, पाकळ्या मात्र मोजता येत नव्हत्या.

विल्यम ऑस्लर यांनी १८८६ मध्ये या झडपेवर लेख लिहिला. अशा झडपेला जंतुसंसर्ग होण्याचा धोका अधिक असतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्या काळी, प्रतिजैविके नसताना, हा संसर्ग म्हणजे बहुधा मृत्यूच. पण हृदय हातात असूनही एक प्रश्न उरत असे: पाकळ्या जन्मतःच दोन होत्या, की रूमॅटिक तापामुळे पुढे चिकटल्या? जोडाच्या जागी शिवणीसारखा उंचवटा दिसे आणि त्यावरून तर्क करावा लागे.

१९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय तपासले. सुरुवातीला पडद्यावर फक्त रेषा दिसत. १९७० च्या दशकात हलते चित्र दिसू लागले, आणि जिवंत माणसाच्या झडपेच्या पाकळ्या मोजता येऊ लागल्या.

तरीही चकवा संपलेला नाही. झडप मिटलेली असताना ती शिवण तिसऱ्या पाकळीची कड वाटते. म्हणून झडप उघडताना पाहावी लागते. तेव्हा तिचे तोंड माशाच्या तोंडासारखे दिसते. उतारवयात कॅल्शियम साचले की तेही स्पष्ट दिसत नाही. मग अन्ननलिकेतून केलेला इको किंवा सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

हा दोष काही कुटुंबांत आढळतो आणि त्यासोबत महाधमनी फुगण्याचीही शक्यता असते. म्हणून घरात एकाला असे निदान झाले, तर आई-वडील, भावंडे व मुलांनी त्रास नसला तरी एकदा इको करण्याबाबत डॉक्टरांशी जरूर बोलावे.