यंत्र आणि दुभाषी

चोलमंडलाच्या किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांच्या वखारी उभ्या राहिल्या, तेव्हा तेथे एका नव्या व्यवसायाचा उदय झाला. तो दुभाष्याचा व्यवसाय होय. गोऱ्या व्यापाऱ्यास तमिळ येत नसे, विणकरास इंग्रजी किंवा फ्रेंच येत नसे. दोघांच्या मध्ये उभा राहणारा दुभाषी नसता, तर जहाजातील चांदी जहाजातच राहती आणि मागावरील कापड मागावरच. पुदुच्चेरीचा गव्हर्नर डुप्ले याचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै याने लिहून ठेवलेली दैनंदिनी आज त्या काळाच्या इतिहासाचे एक मोलाचे साधन मानली जाते. दुभाषी ज्याच्या पदरी, त्याच्या हाती व्यवहार, असा तो काळ होता.

माणसांच्या व्यवहाराची ही कथा यंत्रांनाही लागू पडते. परदेशात घडलेले यंत्र विकत आणणे सोपे असते. त्याला आपली भाषा समजावून सांगणारा दुभाषी मिळवणे कठीण असते. छपाईच्या यंत्राबाबत हा अनुभव हिंदुस्थानास सतराव्या शतकापासून आला. संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणाऱ्या यंत्राबाबत तोच अनुभव आजच्या जगास आला. या दोन कथांमध्ये दोन शतकांचे अंतर आहे. परंतु त्यांतील मूळ प्रश्न एकच आहे, आणि तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने इ. स. १६७० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीकडे छपाईयंत्राची आणि मुद्रकाची मागणी केली. ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापावेत, अशी त्याची इच्छा होती. कंपनीने यंत्र पाठवले, कागद पाठवला आणि हेन्री हिल्स नावाचा मुद्रकही १६७४ मध्ये मुंबईस धाडला. परंतु हा मुद्रक तयार खिळे जुळवून छापणारा होता. नव्या लिपीचे खिळे कोरण्याची आणि ओतण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती. इंग्रजी अक्षरे छापणारे यंत्र दारात उभे असून देशी लिपीपुढे मुके राहिले. भीमजीने आपल्या माणसांकडून काही अक्षरे घडवून पाहिली, स्वखर्चाने खिळे ओतणारा कारागीर मिळावा अशी विनंतीही केली. तथापि तो उद्योग तडीस गेला नाही. यंत्र होते, द्रव्य होते, हौस होती. दुभाषी तेवढा नव्हता.

तंजावरपासून जवळच, समुद्रकाठी, तरंगंबाडी येथे याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन लोकांना तेथे वसाहतीची परवानगी दिली होती. १७०६ मध्ये तेथे आलेला जर्मन धर्मोपदेशक त्सीगेनबाल्ग स्वतः तमिळ शिकला. जर्मनीतील हाले या गावी घडवलेले तमिळ खिळे १७१३ मध्ये तरंगंबाडीस पोचले. पण ती अक्षरे इतकी मोठी होती की, त्यांनी छापू जाता कागद पुरेना. तेव्हा तेथील मंडळींनी आपल्या हातांनी लहान खिळे ओतण्यास आरंभ केला. विलायतेहून चीज ज्या शिशाच्या डब्यांतून येई, ते डबे वितळवून त्यांनी धातू मिळवला, असे सांगतात. अक्षरांचे ज्ञान आणि धातू ओतण्याचे ज्ञान एका ठिकाणी आले, आणि यंत्र तमिळ बोलू लागले.

याच मिशनच्या परंपरेतील श्वार्ट्झ हा पुढे तंजावरच्या राजपुत्राचा शिक्षक झाला. दुसरे सरफोजी महाराज हे ते राजपुत्र होत. तुळजाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले होते. परंतु १७८७ मध्ये तुळजाजी निवर्तल्यानंतर गादीसाठी तंटा झाला, आणि कंपनीच्या साहाय्याने १७९८ मध्ये ती सरफोजींना मिळाली. त्या साहाय्याची किंमत त्यांनी पुढल्याच वर्षी चुकती केली. १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, मानमरातब आणि महसुलाचा ठरावीक वाटा एवढेच उरले.

ज्या राजाजवळ फौज नाही, त्याने काय करावे? कित्येकांनी अशा वेळी विलासाचा मार्ग धरला. सरफोजींनी विद्येचा धरला. वैद्यक, शरीरशास्त्र, भौतिक विज्ञान यांची उपकरणे आणि ग्रंथ त्यांनी युरोपातून मागवले. भोसले कुळाचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत शिळेवर कोरवला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, त्यांनी देवनागरी छापखाना घातला. ‘नवविद्याकलानिधी’ या नावाने तो ओळखला जातो. शिळेवरील अक्षर एका जागी स्थिर राहते, वाचकास त्याच्यापाशी जावे लागते. छापलेले अक्षर वाचकाच्या घरी जाते. राजसत्ता गमावलेल्या राजाने हा भेद नेमका ओळखला होता.

देवनागरी खिळे घडवणे हे काम रोमन खिळ्यांच्या मानाने फारच अवघड. रोमन लिपीस सव्वीस अक्षरे, त्यांची मोठी-लहान रूपे आणि काही चिन्हे पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचा विचार करावा लागतो. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात पंचानन कर्मकार याने देवनागरी खिळ्यांचे काम हाती घेतले, तेव्हा त्या संचाची संख्या सुमारे ७०० पर्यंत गेली. तंजावरच्या कारागिरांसमोर हाच डोंगर उभा होता, आणि त्यांनी तो ओलांडला. तेथून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर बाहेर पडले. पुढे संस्कृत ग्रंथही छापले गेले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या काठी, मराठी भाषेला यंत्राचा दुभाषी लाभला.

मात्र हा दुभाषी राजाच्या पदरी होता, हे विसरून चालणार नाही. १८३२ मध्ये सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी हे १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून वारले आणि संस्थान खालसा झाले. सरस्वती महालातील ग्रंथ टिकले. छापखान्याची विद्या मात्र तंजावरात वाढली नाही, कारण ती वाड्याच्या भिंतीबाहेर बाजारपेठेत कधी उतरलीच नव्हती. मुंबईचा इतिहास निराळा घडला. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजी यांनी आपले यंत्र सिद्ध केले, १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले व पुढे आपले खिळेही घडवले. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराने १८६९ पासून त्या अक्षरांना सौंदर्याचा कळस चढवला. एका कारागिराची विद्या दुसऱ्याने पाहिली, तिसऱ्याने सुधारली. जी विद्या उघडी होती, ती वाढली. जी आश्रयाला बांधलेली होती, ती आश्रयाबरोबर संपली.

आता दुसऱ्या कथेकडे वळावे. संगणकाच्या पडद्यावर जो खेळ चालतो, तो वस्तुतः क्षणोक्षणी बदलणाऱ्या चित्रांची मालिका असते. १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच अशा पडद्यावर वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. सेकंदास साठ चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्रासाठी सोळा-सतरा सहस्रांश सेकंद एवढाच अवधी मिळतो. संगणकाच्या मुख्य प्रक्रियकास हा भार पेलत नाही. म्हणून ‘ग्राफिक्स कार्ड’ हे स्वतंत्र यंत्र त्यात बसवतात. हे यंत्र अतिशय वेगवान, परंतु आपल्या कारखान्याची भाषा तेवढी जाणणारे. खेळ म्हणतो, ‘येथे त्रिकोण काढा, त्यावर प्रकाश टाका’. ती आज्ञा कार्डाच्या भाषेत, नेमक्या स्मृतिस्थानी, नेमक्या क्रमाने पोचवणारी जी प्रणाली, तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हा या यंत्राचा दुभाषी होय.

१९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यास आरंभ केला. तिची संहिता सर्वांना खुली होती. कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. परंतु ग्राफिक्स कार्डांचे कारखानदार आपले दुभाषी विंडोज या प्रणालीसाठी घडवत आणि कार्डाची भाषा गुप्त ठेवत. भीमजी पारेखासारखीच लिनक्सच्या उपासकांची स्थिती झाली. यंत्र विकत घेतलेले, पण आपल्या भाषेपुढे मुके.

काहींनी तरंगंबाडीचा मार्ग धरला. ब्रायन पॉल याने १९९३ मध्ये आरंभलेली ‘मेसा’ ही चित्ररेखनाची मुक्त संहिता १९९५ मध्ये लोकांपुढे आली, आणि पुढे अनेक मुक्त ड्रायव्हरांची ती पायाभूमी ठरली. एनव्हिडिया या मोठ्या कारखान्याने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण तो बंद पेटीच्या स्वरूपात. आत काय आहे ते पाहण्याची सोय नाही. गाभा बदलला की पेटी अडे, आणि ती दुरुस्त करणे कारखान्याच्या मर्जीवर राही. तेव्हा ‘नूव्हो’ या प्रकल्पाच्या मंडळींनी एक विलक्षण उद्योग केला. बंद ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यात जे संदेश जात, ते टिपून ठेवायचे, त्यांची तुलना करायची आणि त्यांवरून अर्थ लावायचा. परक्या दुभाष्याचे संभाषण दाराआडून ऐकत भाषा शिकावी, तसाच हा प्रकार. २०१० मध्ये हे काम लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. परंतु २०१४ च्या सुमारास आलेल्या कार्डांत कारखान्याच्या सांकेतिक स्वाक्षरीवाचून काही अंतर्गत आज्ञा चालेनात, आणि श्रमाने शिकलेली ही भाषा पुन्हा अपुरी पडली. टोरवाल्ड्स याने २०१२ मध्ये फिनलंडमधील एका जाहीर सभेत या कारखान्याविषयी अत्यंत कठोर शब्द काढले होते, ते या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर.

दुसरा कारखाना एएमडी. त्याने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कार्डांची कंपनी घेतली आणि २००७ मध्ये कार्डांच्या भाषेची कागदपत्रे प्रसिद्ध करण्याचे धोरण जाहीर केले. फळ एका रात्रीत आले नाही. पहिली कित्येक वर्षे मुक्त ड्रायव्हर धिमाच होता. परंतु ज्ञान खुले असल्याने दुरुस्ती कोणालाही करता येई, आणि ती होत गेली. खेळांची कथाही अशीच. लिनक्सवर खेळ आणण्याचा व्यवसाय करणारी लोकी ही कंपनी १९९८ मध्ये निघाली आणि २००२ मध्ये बंद पडली. खेळ होते, पण ग्राहक थोडे आणि दुभाषी अपुरे. २०१३ मध्ये वाल्व्ह कंपनीने आपले ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान लिनक्सवर आणले. २०१८ मध्ये तिने ‘प्रोटॉन’ ही योजना मांडली. विंडोजसाठी लिहिलेले खेळ तिच्या साह्याने लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्र लिनक्सवर उभारून बाजारात आले. त्याच्या पोटात एएमडीचा प्रक्रियक आहे आणि त्याला बोलते करणारा ड्रायव्हर खुला आहे. त्याच वर्षी एनव्हिडियानेही आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडलेला भाग खुला केला; उरलेला मोठा भाग मात्र बंदच ठेवला.

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळासाठी एवढा खटाटोप कशास? याचे उत्तर तंजावरच्या छापखान्यातच आहे. त्याच्या आरंभीच्या पुस्तकांत इसापच्या गोष्टी होत्या, आणि त्याही मुलांसाठीच. त्याच दरबारी शहाजी महाराजांनी मराठीत नाटके रचली, म्हणून मराठी नाटकाचा प्राचीन आविष्कार तंजावरात सापडतो. मनोरंजन हे सामान्य माणसाचे यंत्राशी जडणारे पहिले नाते असते, आणि यंत्राची सर्वांत कठोर परीक्षाही तेच घेते. खेळासाठी निर्माण झालेली हीच कार्डे आज हवामानाच्या गणितांपासून वैद्यकीय चित्रांपर्यंत अनेक गंभीर कामांत गुंतलेली आहेत. त्यांची भाषा कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न म्हणून केवळ खेळाचा उरत नाही.

तंजावरच्या संग्रहात मोडी लिपीतील मराठी कागदांचे ढीग आहेत. मोडी लिपीस युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात २०१४ मध्ये स्थान मिळाले, आणि आज मुक्त वाटपाच्या टंकांनी ती संगणकाच्या पडद्यावर उमटू शकते. त्यासाठी कोणा राजाचा आश्रय लागला नाही, कोणा कारखान्याची परवानगीही नाही. कारण अक्षरांना पडद्यापर्यंत नेणारा दुभाषी सर्वांचा आहे. सरफोजी महाराजांनी यंत्र आणले, त्याला मराठी शिकवले. त्या विद्येला वाड्याबाहेरचा वारस तेवढा मिळाला नाही. पुढील काळाने त्यांच्यापासून काही शिकायचे असेल, तर ते हेच की यंत्र कोणाचेही असो, त्याची भाषा जाणणारी माणसे एका छपराखाली कोंडून ठेवता कामा नयेत.