नवव्या चिपची कुळकथा

मुरबाड तालुक्यातल्या म्हसाच्या जत्रेत बैल घ्यायला आलेला शेतकरी दात बघतो, खूर बघतो, बैल दोन पावलं चालवून बघतो. पण बैल कोणत्या कामाला हवा, हे तो घरूनच ठरवून आलेला असतो. शहापूर-मुरबाडची मुलं कसारा लोकल पकडून किंवा एसटीने कल्याण गाठून लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटर जुळवायला जातात, तेव्हा नेमकं हेच ठरवायचं राहून जातं. इंटेलचा ‘कोअर’ प्रोसेसर घ्यावा की ‘झिऑन’? झिऑन सर्व्हरचा, वर्कस्टेशनचा, म्हणजे दणकट, असं वाटतं आणि पैसे मोजले जातात. ही दोन घराणी एका कुळातून कशी फुटली, हे ठाऊक असलं तर निवड सोपी होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. आतून तो १६ बिटांचा, पण बाहेर ये-जा करायची वाट ८ बिटांची, त्यामुळे बोर्ड स्वस्तात बनायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनची यंत्रं इंजिनिअरांसाठी होती: मोठा पडदा, नेटवर्क, युनिक्स आणि मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर. वर्कस्टेशन म्हणतात ते हेच. तेव्हा पीसी आणि वर्कस्टेशन ही घराणी खरोखरच परकी होती, चिपसुद्धा वेगळ्या कंपन्यांच्या.

त्या पहिल्या पीसीतली एक गोष्ट आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. त्याच्या मेमरीत आठ-आठ चिपांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीला एक नववी चिप जोडलेली होती. तिच्यात माहिती नसे. आठ बिटांत ‘एक’ किती, सम की विषम, एवढीच नोंद ती ठेवी. नोंद जुळली नाही तर यंत्र तिथेच थांबे. चूक दुरुस्त करणं तिला जमत नसे, पण चुकीचा हिशेब ती पुढे जाऊ देत नसे. चूक शोधून दुरुस्तही करण्याची रीत बेल लॅब्सच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच मांडली होती. त्याच वाटेने पुढे ६४ बिटांमागे ८ जादा बिट, म्हणजे पुन्हा आठांमागे एक नववी चिप ठेवणारी ‘ईसीसी’ मेमरी आली. तिची गरज का, हे १९७८ मध्ये इंटेलच्याच संशोधकांनी दाखवलं: चिपच्या वेष्टणातल्या किरणोत्सारी अंशांतून निघालेला अल्फा कणसुद्धा मेमरीतला शून्य उलटवून एक करू शकतो.

१९९३ मध्ये पेंटियम आला. ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम हेही पुण्यातच जन्मलेले. पेंटियमने पीसी घराघरांत नेला. पुढच्याच वर्षी त्याच्या भागाकारातली चूक जगापुढे आली आणि ती निस्तरायला इंटेलने ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. घरगुती माणसालाही चुकीचं उत्तर चालत नाही, हे त्या वेळी दिसलं. पण किमतीच्या शर्यतीत त्याच दशकात घरच्या पीसीतली नववी चिप मात्र गळाली.

मग घर फुटलं. १९९८ या एकाच वर्षात इंटेलने स्वस्त सेलेरॉन आणला आणि पेंटियम टू झिऑनही आणला. सनसारख्यांच्या ग्राहकांना आता इंटेलच्या घरातच मोठी चूल मिळाली. पुढची वाटणी अधिक खोलवर गेली. २००८ मध्ये आलेल्या कोअर आय सेव्हनपासून मेमरीचा ताबा बोर्डाकडून थेट प्रोसेसरमध्ये आला. म्हणजे नववी चिप वापरता येणार की नाही, हे प्रोसेसरच्या नावावर ठरू लागलं. आय सेव्हन ९२० आणि झिऑन डब्ल्यू ३५२० बघा: घडण एकच, आतले गणित करणारे गाभे (त्यांनाही ‘कोअर’च म्हणतात) चार, वेग २.६६ गिगाहर्ट्झ. पण ईसीसी फक्त झिऑनला. सख्ख्या भावांत वाटणी अशी झाली.

आज वर्कस्टेशनचा प्रोसेसर तीन गोष्टींसाठी जास्त पैसे घेतो: पुष्कळ कोअर, मेमरीच्या जास्त वाटा आणि चुकांवर पहारा. २०२३ च्या झिऑन डब्ल्यू मालिकेत मेमरीला आठपर्यंत वाटा आहेत, घरगुती कोअरला दोन. ज्याचं गणित रात्रभर चालतं, ज्याला शेकडो जीबी रॅम लागते, त्याला हे हवंच.

पण शहापुरात लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याला, मुरबाडच्या एमआयडीसीत सुट्या भागांची ड्रॉइंग काढणाऱ्याला एकेका कोअरचा वेग कामी येतो, आणि तो घरगुती प्रोसेसरकडे बहुधा जास्तच असतो. बाजारात स्वस्त मिळणारा जुना झिऑन ई५-२६८० व्ही४ घ्या. १४ कोअर ऐकून मन भरतं, पण तो २०१६ चा आहे, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, वीज १२० वॉटपर्यंत, शिवाय पडद्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागतं. आणि वीज गेली तर नववी चिपही वाचवत नाही, तिथे यूपीएसच लागतो. आधी पैसे त्यावर खर्च करावेत.

ज्याला हिशेबाची खात्री हवी, त्याच्यासाठी भिंत आता थोडी खचली आहे. एएमडीचे बरेच रायझेन आणि बाराव्या पिढीपासूनचे इंटेलचे अनेक कोअर योग्य बोर्डावर ईसीसी चालवतात. म्हणून दुकानात प्रोसेसरचं नाव वाचण्याआधी डीडीआर-४ रॅमची पट्टी हातात घ्या आणि एका बाजूच्या मोठ्या काळ्या चिपा मोजा. आठ असतील तर पहारा नाही, नऊ असतील तर आहे. तुमच्या कामाला तो नववा पहारेकरी हवा का, याचं उत्तर घरून घेऊनच लोकलमध्ये चढा.