पाच त्रेपन्नचं कोडं
भारतातल्या बऱ्याच प्रोग्रामरांना कधी ना कधी +5:53 हा आकडा भेटतो. पायथॉनच्या पायटीझेड लायब्ररीतून एशिया/कोलकाता हा टाइमझोन घ्यायचा, तारीख बनवताना सरळ चिकटवायचा, आणि छापून बघायचं. साडेपाचऐवजी पाच त्रेपन्न! सगळ्या वेळा 23 मिनिटांनी हुकलेल्या.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे: झोन थेट चिकटवू नका, लोकलाइझ वापरा, किंवा पायथॉन 3.9 पासून आलेलं झोनइन्फो घ्या. मला मात्र ती 23 मिनिटं कुठून आली याचंच जास्त कुतूहल. +5:53 म्हणजे कोलकात्याच्या रेखांशावरची सूर्याची वेळ. एशिया/कोलकाता हा एक आकडा नसून त्या गावाच्या घड्याळांची क्रमवार यादी आहे. तारीख न विचारता झोन चिकटवला, की पायटीझेड यादीतली पहिली, म्हणजे सर्वांत जुनी नोंद उचलतं.

ही यादी ज्या डेटाबेसमधून येते, तो 1980च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तो आहे. भारताच्या नोंदीत 1 जानेवारी 1906 ला +5:30 सुरू होतं. युद्धकाळात, सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945, ते +6:30 होतं. म्हणजे 1943 ची तारीख घेऊन डोळे झाकून साडेपाच तास वजा केले, तर तासाभराची चूक.

पण मुंबई? मुंबईची स्वतःची वेळ होती, +4:51. 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रास वेळ लादून पाहिली. विरोध इतका झाला की ती मागे घ्यावी लागली. 1906 मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारही चिडले. सकाळचा भोंगा 39 मिनिटं लवकर वाजणार, झोप कुणाची मोडणार? महापालिकेने मुंबई वेळच धरून ठेवली, ती थेट 1955 पर्यंत. रेल्वेची वेळ वेगळी, पालिकेची वेगळी. यातलं काहीच डेटाबेसमधल्या झोनच्या यादीत नाही. नियमच असा, की 1970 नंतर ज्यांची घड्याळं सारखी, त्यांना एकच झोन. कोलकात्याला नाव मिळालं, पण त्या शहराने 1948 पर्यंत वापरलेली स्वतःची वेळ तिथेही नाही.

नियम मला पटतो. जगातल्या प्रत्येक गावाचं भांडण कोण नोंदवत बसणार? पण माझ्या आजोबांच्या पत्रिकेवर ‘गिरगाव, 1938, सकाळी 7.10’ एवढंच आहे. प्रमाणवेळ धरली तर ग्रिनिचला 1.40, मुंबई वेळ धरली तर 2.19. पत्रिका मांडणाऱ्याला 39 मिनिटांत लग्नरास बदललेली मिळू शकते. कुठलंही ॲप मुकाट्याने पहिलं उत्तर देईल.

म्हणून घरच्या जुन्या कागदांची यादी करताना मी वेळ यूटीसीत बदलून ठेवत नाही. कागदावरचा आकडा, गाव, आणि कोणतं घड्याळ, असे तीन वेगळे रकाने ठेवते. आजोबांच्या नोंदीत तिसरा रकाना रिकामा आहे. सुईणीने घरातलं घड्याळ पाहिलं असणार. ते पालिकेच्या वेळेला लावलेलं होतं की स्टेशनच्या, हे सांगणारं आता कुणी नाही.