भ्रम आणि कर्ण : एका व्याधीच्या स्थाननिर्णयाचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास म्हणजे केवळ औषधांचा व शस्त्रक्रियांचा इतिहास नव्हे. अमुक रोग शरीरांत कोठें वसतो, याविषयीं निरनिराळ्या काळच्या विद्वानांनीं काय मानलें, हाहि त्या इतिहासाचा एक मोठा भाग होय. रोगाचें स्थान चुकलें कीं उपचार चुकतो, आणि त्याचें फळ रोग्यास भोगावें लागतें. भोंवळीच्या अनेक प्रकारांचें मूळ कानाच्या अंतर्भागांत असतें, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. परंतु वैद्यांच्या सभेपुढें ती स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती इ. स. १८६१ मध्यें. आपल्या प्राचीन ग्रंथांना हा संबंध कितपत ठाऊक होता, युरोपांत तो कसा उलगडला आणि त्यास इतका विलंब कां लागला, या तीन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम आपल्याकडील ग्रंथ पाहूं. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं शालाक्यतंत्र हें मानेच्या वरच्या अवयवांच्या रोगांचें तंत्र होय. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांतील पहिले २६ अध्याय या तंत्रास दिलेले आहेत. त्यांपैकीं विसावा अध्याय कर्णरोगांच्या लक्षणांचा व एकविसावा त्यांच्या चिकित्सेचा आहे. सुश्रुतानें कर्णरोग २८ मानले आहेत. चरकानें चार सांगितले, वाग्भटानें २५. सुश्रुताच्या गणनेंत कर्णशूल, कर्णनाद, बाधिर्य, क्ष्वेड, कर्णस्राव, कर्णपाक, कृमिकर्ण इत्यादि विकार येतात. कर्णनाद व क्ष्वेड हे दोन्ही कानांत आवाज होण्याचे विकार. पण पहिल्यांत भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाद ऐकूं येतात आणि दुसऱ्यांत वेणूसारखा बारीक ध्वनि, असा भेद तो करितो. रोग्याचें बोलणें लक्षपूर्वक ऐकल्यावांचून असा भेद सुचणें शक्य नाहीं. बाधिर्यावर गोमूत्रांत वाटलेल्या बेलफळाचें सिद्ध तेल कानांत घालावें, असें तो सांगतो. तुटलेली कानाची पाळ सांधण्याचे १५ प्रकार सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत आहेत, हें तर सर्वश्रुत आहे.

या २८ रोगांत कर्णप्रतिनाह नांवाचा एक विकार आहे. कानांतील मळ पातळ होऊन नाकातोंडाकडे उतरतो आणि अर्धें डोकें दुखूं लागतें, असें त्याचें वर्णन आहे. यावरून कान व घसा यांना जोडणारी नळी सुश्रुतास ठाऊक होती, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. या नळीचें वर्णन करणाऱ्या इटालियन शारीरज्ञ यूस्टाकीचा ग्रंथ इ. स. १५६४ चा. परंतु मूळ वचनांत नळीचा उल्लेख नाहीं. कानाचा नाकातोंडाशीं कांहीं मार्गानें संबंध आहे, एवढेंच त्यावरून निघतें. तेवढेंच म्हणावें, अधिक म्हणूं नये, असें आमचें मत आहे.

आतां भ्रमाकडे वळूं. हा शब्द २८ कर्णरोगांच्या यादींत कोठेंहि नाहीं. चरकानें सूत्रस्थानांत वाताचे ८० विकार मोजले आहेत, त्यांत भ्रम येतो. माधवनिदानांत तो मूर्च्छा, निद्रा व तंद्रा यांच्या सोबतीस बसविला असून रज, पित्त व वायु हीं त्याचीं कारणें दिलीं आहेत. देह चक्राप्रमाणें फिरतो व रोगी भूमीवर पडतो, हें त्याचें लक्षण अचूक आहे. परंतु हें प्रकरण सतरावें आणि कर्णरोगांचें सत्तावन्नावें. ४० प्रकरणांचें हें अंतर या ग्रंथकारांच्या दृष्टीनें स्वाभाविकच होतें. भ्रम हा दोषांचा विकार, बाधिर्य हा इंद्रियाचा विकार. दोहोंना एकत्र आणण्याचें कारण त्यांना दिसलें नाहीं.

आमच्या भाषेची साक्षहि हेंच सांगते. भोंवळ, घेरी, चक्कर हे आपले रोजचे शब्द. ‘भोंवणें’ हें क्रियापद संस्कृत ‘भ्रम्’ धातूपासून प्राकृतद्वारां आलेलें, आणि ‘चक्कर’ उघडच चक्रापासून. या शब्दांत फिरणें आहे, कान नाहीं. घरांत कोणास घेरी आली कीं ‘पित्त झालें’ असें म्हणून आलें-लिंबाचा रस पुढें करणारी माणसें आजहि घरोघर सांपडतील. माधवकाराचें निदान असें हजार वर्षांहून अधिक काळ आपल्या माजघरांत टिकून राहिलें आहे.

युरोपांतील स्थिति फारशी निराळी नव्हती. एकाएकीं गरगरून पडणाऱ्या मनुष्याच्या मेंदूंत रक्त चढलें, अशी तेथील वैद्यांची समजूत होती. म्हणून त्याचें रक्त काढीत, जळवा लावीत, रेचक देत. आधींच ओकाऱ्यांनीं गळालेल्या रोग्याची या उपचारांनीं काय अवस्था होत असेल, याची कल्पना करितां येईल. वास्तविक खरी वाट दाखविणारा प्रयोग इ. स. १८२४ पासूनच प्रसिद्ध होत होता. फ्लूरान्स या फ्रेंच शास्त्रज्ञानें कबुतरांच्या अंतःकर्णांतील अर्धवर्तुळाकार नळ्या छेदल्या. जी नळी छेदावी तिच्या पातळींत पक्षी डोकें हलवूं लागे व गिरक्या घेई. ऐकण्याची शक्ति मात्र कायम राही. तथापि कबुतराची ही गिरकी आणि मनुष्याची भोंवळ या एकच होत, असें पुढें सुमारें ३७ वर्षें कोणीं ठामपणें म्हटलें नाहीं.

तें म्हणणारा गृहस्थ प्रॉस्पर मेन्येर हा होय. त्याचा जन्म इ. स. १७९९ चा. इटार या प्रसिद्ध कर्णवैद्याच्या मृत्यूनंतर १८३८ मध्यें पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचा मुख्य वैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथें व आपल्या खासगी व्यवसायांत त्यानें असे रोगी पाहिले कीं, ज्यांना एकाएकीं भोंवळ येई, ओकारी होई, कानांत आवाज होऊं लागे, आणि अशीं आवर्तनें होतां होतां एका कानाचें ऐकणें कमी होत जाई. दोन आवर्तनांच्या मध्यंतरीं हीं माणसें धडधाकट असत. अर्धांगवायु नाहीं, वाचा गेलेली नाहीं. मेंदूचा रोग असता तर असें घडतें ना. ८ जानेवारी १८६१ रोजीं पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढें त्यानें आपला निबंध वाचला व या रोगाचें स्थान अंतःकर्णांत आहे असें प्रतिपादिलें. त्याचे समकालीन मात्र मेंदूंत रक्त चढण्याच्या चर्चेंतच गुंतलेले होते, आणि या नव्या मताचें मोठें स्वागत झालें नाहीं. पुढील वर्षीं, फेब्रुवारी १८६२ मध्यें, मेन्येर मरण पावला. १८७४ च्या सुमारास शार्को या थोर वैद्यानें ‘मेन्येरचा रोग’ हें नांव वापरलें. तोंवर नांवाचा धनी राहिला नव्हता.

मधल्या काळांत शरीरक्रियाशास्त्र पुढें सरकलें होतें. १८७० मध्यें गोल्ट्झनें व १८७३ ते १८७५ या काळांत माख, ब्रॉयर व क्रम ब्राउन यांनीं स्वतंत्रपणें या नळ्यांचें कार्य सांगितलें. तिन्ही नळ्या परस्परांशीं काटकोनांत असून आंत द्रव भरलेला असतो. डोकें फिरूं लागलें कीं द्रव मागें रेंगाळतो. फिरणें थांबलें कीं तो क्षणभर पुढें जाऊं पाहतो. फुगडी घालून थांबलेल्या मुलीला अंगण फिरतांना दिसतें तें यामुळें. पाय थांबलेले असतात, द्रवाचा आवेग ओसरलेला नसतो.

हें ज्ञान रोग्याच्या खाटेपाशीं आणलें तें रॉबर्ट बारानीनें. व्हिएन्ना येथें पोलित्झर व ग्रुबर यांनीं १८७३ मध्यें कर्णरोगांचा स्वतंत्र विभाग उघडला होता. तेथें बारानी काम करी. कान धुतांना कित्येक रोगी भोंवळ येते अशी तक्रार करीत. पाणी फार थंड होतें, असें एकानें सांगितलें. पुढें अधिक ऊन पाणी वापरतां पुन्हां भोंवळ आली, मात्र डोळ्यांच्या बुबुळांची चाल उलट दिशेनें झाली. रोग्याच्या या साध्या तक्रारीवरून बारानीनें १९०६ मध्यें उष्ण-शीत जलाची परीक्षा सिद्ध केली. एकेका कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्राची निराळी परीक्षा करणें तेव्हांपासून शक्य झालें, आणि ती परीक्षा आजहि चालू आहे. १९१४ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. तें जाहीर झालें तेव्हां तो रशियनांचा युद्धकैदी होता. १९१६ मध्यें त्याची सुटका झाली.

येथें इतिहासाच्या अभ्यासकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मेन्येरनें आपल्या मताच्या पुष्टीसाठीं एका तरुण मुलीच्या शवपरीक्षेचा दाखला दिला होता. थंडींत रात्रीं गाडीच्या टपावर बसून प्रवास करितां ती एकाएकीं बहिरी झाली, तिला भोंवळ येऊं लागली व पांचव्या दिवशीं ती मरण पावली. मेंदूंत दोष सांपडला नाहीं. अर्धवर्तुळाकार नळ्यांत मात्र तांबूस लस भरलेली आढळली. पुढें १९३८ मध्यें लंडनच्या हॅलपाइक व केर्न्स यांनीं आणि ओसाका येथें यामाकावा यांनीं या रोगानें पीडित मनुष्यांचे कान तपासले, तेव्हां निराळेंच दिसलें: आंतला द्रव वाढून पडदे फुगले होते. म्हणजे त्या मुलीचा रोग बहुधा दुसराच असावा. दाखला निसटला, रोगस्थानाचा निर्णय मात्र अढळ राहिला, कारण तो एका शवावर नव्हे, तर अनेक जिवंत रोग्यांच्या निरीक्षणावर उभा होता.

आतां विलंबाच्या कारणाचा विचार. आमच्या मतें बुद्धीची उणीव हें कारण नव्हे. सुश्रुताचें नादवर्णन व माधवाचें भ्रमवर्णन हीं एकाच रोग्याच्या तोंडून ऐकलेलीं असूं शकतील. परंतु ग्रंथांत शिरतांना त्यांच्या वाटा फुटल्या. पॅरिसमध्येंहि भोंवळीचा रोगी मेंदूच्या वैद्याकडे व बहिरा रोगी कानाच्या वैद्याकडे जाई. मेन्येरच्या दारीं बहिरेपणासाठीं आलेला मनुष्य भोंवळीचीहि हकीकत सांगे, आणि त्यानें ती टाकून दिली नाहीं.

हें सर्व सुश्रुतांत होतेंच, असा दावा अलीकडे ऐकूं येतो. त्याच्या यादींत जें नाहीं तें तेथें घुसविल्यानें सुश्रुताचा मान वाढत नाहीं. उलट जें खरोखर आहे त्यावरचाहि विश्वास उडतो. याचा परिणाम ग्रंथांपुरता राहत नाहीं, हें त्याहून महत्त्वाचें. भोंवळ पित्ताचीच, असें ठरवून वर्षानुवर्षें घरगुती उपाय करणारा मनुष्य कानाच्या वैद्याकडे जात नाहीं. कानांतील सूक्ष्म खडे जागा सोडून नळींत शिरल्यानें येणाऱ्या भोंवळीची परीक्षा डिक्स व हॅलपाइक यांनीं १९५२ मध्यें लिहून ठेविली आहे, आणि डोकें विशिष्ट क्रमानें वळवून ते खडे मूळ जागीं नेण्याची एप्लीची रीति १९९२ मध्यें प्रसिद्ध झाली. तिला औषध लागत नाहीं, शस्त्र लागत नाहीं, घटकाभराचें काम. अर्थात् सर्वच भोंवळ कानाची नसते. सोबत जीभ जड झाली, दृष्टि दुहेरी झाली किंवा हातपाय लुळे पडले, तर तो मेंदूचा प्रश्न समजून तत्काळ रुग्णालय गांठावें. पण उरलेल्या रोग्यांस ‘कानांत आवाज होतो काय? ऐकूं कमी येतें काय?’ एवढें तरी विचारलें जावें. मेन्येरनें ते प्रश्न विचारले, म्हणून त्याला उत्तर मिळालें.