परिपाठातल्या दहा मिनिटांची कुळकथा

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. शिरूर-दौंडकडच्या जिल्हा परिषद शाळेतला परिपाठ राज्यातल्या इतर शाळांसारखाच. जानेवारी २०१२ मध्ये राज्य सरकारने ‘मित्र उपक्रम’ काढला आणि शाळांच्या दिवसात आणखी एका गोष्टीला जागा मिळाली : दहा मिनिटं आनापान.

मुलांनी मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि आत येणारा, बाहेर जाणारा श्वास नुसता जाणायचा. तो मोजायचा नाही, रोखायचा नाही. मंत्र नाही, कुठल्या देवाचं रूप नाही. डाव्या नाकपुडीतून येतोय की उजवीतून, एवढंच बघायचं. मन डब्याकडे नाहीतर उसाच्या फडाकडे पळालं, तरी चिडायचं नाही. पुन्हा नाकाशी आणायचं.

ही रीत आपल्याकडे ब्रह्मदेशातून आली आणि तिचा प्रवास मठापेक्षा प्रपंचातून जास्त झाला. आनापान ही विपश्यनेची पहिली पायरी. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्खूंनी ती विपश्यना संसारी माणसांना खुली केली. त्यांचे शिष्य सया तैजी हे शेतकरी. १९०३ च्या पटकीच्या साथीत त्यांची लेकरं गेली, आणि त्या दुःखातून वाट शोधत ते घराबाहेर पडले. पुढे तेच इतरांना शिकवू लागले.

तिसरे ऊ बा खिन, सरकारी हिशेबनीस. दौंडसारख्या जंक्शनच्या गावाला हा माणूस आपला वाटावा. सया तैजींची साधना त्यांना १९३७ साली मिळाली आणि १९४१ मध्ये ते रेल्वेचे हिशेब तपासत फिरत होते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते पहिले महालेखापाल झाले, तेव्हा कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही त्यांनी ध्यानाला बसवलं. नोकरी सांभाळून ध्यान करता येतं, हे त्यांनी फायलींच्या ढिगाऱ्यात बसून दाखवलं. या सगळ्या परंपरेतला सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे.

मंडालेत जन्मलेला एक मारवाडी व्यापारी १९५५ साली अर्धशिशीने बेजार होऊन त्यांच्याकडे आला. नाव सत्यनारायण गोएंका. डोकेदुखीवर उतारा म्हणून येणार असाल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी त्यांना बजावलं. मन निर्मळ करायला या, दुखणं त्यात गेलं तर गेलं.

गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि जुलैत मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांनी दहा दिवसांचं पहिलं शिबिर घेतलं. महाराष्ट्रात बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्म दिला होता. ही साधना तेरा वर्षांनी आली. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. शिरूरकरांना त्यामानाने जवळचं केंद्र म्हणजे आळंदीजवळच्या मरकळचं.

याच वाटेला एक मोठा फाटा फुटला. १९७१ मध्ये बोधगयेत गोएंकांच्या शिबिराला बसलेली काही तरुण अमेरिकन मंडळी मायदेशी परतली आणि १९७० च्या दशकात त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानकेंद्र उभं केलं. तिथल्याच एका शिबिरात १९७९ साली जॉन काबाट-झिन या अमेरिकन शास्त्रज्ञांना रुग्णालयात ध्यान शिकवण्याची कल्पना सुचली. त्यांचा मूळ अभ्यास झेनचा, कोरियन गुरूंकडचा. झेनमध्ये नवख्याला एक ते दहा श्वास मोजायला लावतात आणि डोळे अर्धवट उघडे ठेवतात. आनापानात या दोन्ही गोष्टी नाहीत. काबाट-झिन यांनी दोन्ही घराण्यांतून घेतलं, धर्माची भाषा बाजूला ठेवली आणि जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. आज मोबाइलच्या ॲपवर, कंपन्यांच्या कार्यशाळांत ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे भेटतं, त्यातलं बरंचसं तिथून निघालं. रांजणगाव एमआयडीसीत पाळी करणाऱ्या बापाला ते फोनवर दिसेल. त्याच्या लेकीला त्याच कुळातली गोष्ट शाळेत विनामूल्य शिकता येते.

शाळेतली ही दहा मिनिटं शिक्षकाच्या जिवावर चालतात. म्हणून ‘मित्र’मध्ये शिक्षकाने आधी स्वतः दहा दिवसांचं शिबिर करावं, असा आग्रह आहे. दहाव्या दिवसापर्यंत मौन, पहाटे चारची घंटा, मोबाइल जमा. राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी रजाही देतं. स्वतः बसलेला शिक्षक मुलांना ‘गप्प बसा’ म्हणत नाही. श्वास कुठे आहे, एवढंच विचारतो. असा शिक्षक बदलून गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून मरकळ गाठावं लागतं.