मानीव वेळ (रॅली शर्यत)

रॅलीत मोटारी ठरावीक अंतराने एकेक सुटतात आणि विशेष टप्प्यांच्या वेळांच्या बेरजेवर निकाल लागतो. त्यामुळे एकही रकाना रिकामा ठेवता येत नाही. अपघातामुळे टप्पा मध्येच थांबला, तर अडकलेल्या स्पर्धकांना अधिकारी मानीव वेळ देतात. टप्पा पुरा करणाऱ्यांची सरासरी घेणे सोपे दिसते, पण ते न्याय्य नाही: पंक्चर झालेली एकच मोटार सरासरी फुगवते आणि वेगवान चालकाला तिचा नाहक भुर्दंड पडतो. त्याच तोडीच्या स्पर्धकांच्या वेळा आणि त्या चालकाचा आधीच्या टप्प्यांतील वेग यांवरून बांधलेला अंदाज वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. असा अंदाज अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्याचे सूत्र स्पर्धेआधी जाहीर झाले पाहिजे. स्वतःची मोटार बिघडलेल्याचा प्रश्न वेगळा. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत दुसऱ्या दिवशी परतणाऱ्याला चुकलेल्या प्रत्येक टप्प्यासाठी गटातील सर्वोत्तम वेळ आणि वर ठरावीक मिनिटांचा दंड लागतो. हा दंड कठोर वाटतो, पण तो सौम्य केला, तर खडतर टप्पा सोडून देणेच फायद्याचे ठरेल. टप्पा थांबण्यास जो स्वतः जबाबदार असतो, त्याला मानीव वेळेचा लाभ नियमानुसार मिळत नाही.